एकाच सालच्या दोन वार्ता

मांडव्याच्या धक्क्यावर उभें राहिलें म्हणजे समुद्रापलीकडे मुंबई दिसते. कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें, २०२० पासून मोटारी नेणारी रो-रो बोटही सुरू झाली; परंतु मोठ्या दुखण्यासाठीं मुंबई गांठावी, ही या किनाऱ्याची रीत बदलली नाहीं. कांहीं दुखणीं मात्र बोटींतल्या शेजाऱ्यासही सांगतां येत नाहींत. रक्तांत एच्.आय्.व्ही.चा विषाणु आणि मनांत अपत्याची आस, हें त्यांपैकीं एक होय.

या कथेचीं दोन्ही टोकें १९८६ सालांत आहेत. त्या वर्षीं ६ ऑगस्टला परळच्या के.ई.एम्. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नानें शरीराबाहेर फलित झालेल्या गर्भापासून कन्या जन्मली. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनीं हें १९७८ सालींच साधलें होतें, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं. पुढें आनंदकुमारांनींच त्यांचें श्रेय त्यांना दिलें. त्याच १९८६ सालीं मद्रासेंत, गायतोंडे या मराठी घराण्यांत जन्मलेल्या डॉ. सुनीती सालोमन यांना भारतांतील पहिले एच्.आय्.व्ही. बाधित आढळले. एका वार्तेनें निपुत्रिकांना आशा दिली. दुसरीनें कित्येक जोडप्यांची आशा हिरावली.

दोहोंचा सांधा मिलान शहरीं जुळला. हा विषाणु वीर्याच्या द्रवांत व त्यांतील इतर पेशींत असतो, शुक्राणूस चिकटून राहत नाहीं, या विचारावर डॉ. सेंप्रिनी यांनीं यंत्रांत फिरवून शुक्राणु वेगळे केले, धुतले आणि निरोगी पत्नीच्या गर्भाशयांत सोडले. १९९० सालीं अमेरिकेंत अशा उपायानंतर एका स्त्रीस बाधा झाल्याचें नमूद झालें होतें व तेथील सरकारी खात्यानें तो वर्ज्य ठरविला होता. तरीही १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या सेंप्रिनींच्या अहवालांतील २९ स्त्रियांपैकीं एकीसही बाधा झाली नाहीं.

पुढें औषधानें प्रयोगशाळेसही मागें टाकलें. भारतांत १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत हें औषध विनामूल्य मिळूं लागलें. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या ज्या पाहणींत पुणें व चेन्नई यांचाही वांटा होता, तिनें २०११ सालीं दाखविलें, कीं उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदारास होणारी बाधा ९६ टक्क्यांनीं घटते. रोज औषध घेऊन रक्तांतील विषाणु तपासणींत सांपडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधानें तो पसरत नाहीं, असें आतां सिद्ध झालें आहे. म्हणून आज अशा अनेक जोडप्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानें, नलिकेवांचूनही मूल होऊं शकतें.

कायदाही मागें राहिला नाहीं. २०१७ च्या अधिनियमानें बाधितांशीं भेदभाव करण्यास, तसेंच गर्भवती बाधितेचा गर्भपात वा नसबंदी तिच्या संमतीवांचून करण्यास मनाई केली.

शास्त्रानें वाट मोकळी केली. ती वाट पुसण्याचें धैर्य मात्र जोडप्यास आपल्या माणसांकडूनच मिळावें लागतें. वांझपणाचा बोल आणि रोगाचा कलंक, हीं दोन्ही ओझीं घेऊन कोणी मांडव्याहून बोटींत बसत असेल, तर निदान एक ओझें धक्क्यावर उतरवून घेणें शेजाऱ्यांच्या हातीं आहे.