वाळूतली बोट

अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. त्याचं सातारा जिल्ह्यात कुणाला नवल वाटत नाही, कारण गावोगाव पलटणीतले पेन्शनर असतातच. माझे आजोबा, आबा, त्यांतलेच. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. लढाईविषयी विचारलं की ते गप्प व्हायचे. सुएझ कालव्यातून आलेल्या परतीच्या बोटीविषयी मात्र भरभरून सांगायचे.

“दोन्ही अंगाला वाळू आन् मधनं बोट. जमिनीतनं चालल्यागत. आपल्या पाटाला उतार लागतो, तितं उतारच न्हाई. मग पानी ठरतंय कसं?”

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चकवून गेला होता. नेपोलियनच्या मोजणीदारांनी तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे 10 मीटर उंच असल्याचा हिशेब मांडला. 1847च्या मोजणीत तो चुकीचा ठरला. दोन्हीकडचं पाणी जवळपास एकाच पातळीला निघालं. म्हणून सुएझला पाणी अडवणारे दरवाजे लागले नाहीत. पनामा कालव्यात मात्र जहाज पाणकोठ्यांतून 26 मीटर वर चढवावं लागतं.

25 एप्रिल 1859ला पोर्ट सैदला पहिली कुदळ पडली. शाळेच्या पुस्तकात कालव्याचा कर्ता म्हणून फर्दिनांद द लेसेप्सचं नाव होतं. खणणाऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती. ते मला अजून सलतं. सुरुवातीची वर्षं इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून तिथं आणलं जाई. एका वेळी वीस-वीस हजार माणसं, हातात कुदळी, पाठीवर टोपल्या. प्यायचं पाणी उंटांवरून यायचं. शेवटी मोठ्या कालव्याच्या आधी नाईलचं गोडं पाणी आणणारा दुसरा कालवा काढावा लागला. जत-आटपाडीसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे फोडून सांगायला नको. 1864मध्ये वेठ बंद झाली आणि वाफेवरची गाळ उपसणारी यंत्रं आली. 17 नोव्हेंबर 1869ला 164 किलोमीटरची वाट खुली झाली.

मुंबई ते लंडन समुद्रवाट आफ्रिकेला वळसा घालून जवळपास 20,000 किलोमीटरची होती, ती साडेअकरा हजारांवर आली. मग इंग्लंडनं 1875मध्ये इजिप्तच्या खेदिवाचे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याचे, कालव्यातले समभाग चाळीस लाख पौंडांना घेतले आणि 1882मध्ये इजिप्तच ताब्यात घेतला. हिंदुस्थान हातात ठेवायचा तर ही वाट हातात हवी होती. साताऱ्याची पोरं परक्या युद्धांत इतकी दूर गेली, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे असं मला ठामपणे वाटतं. मराठ्यांची पलटण 1941मध्ये एरिट्रियात केरेनला लढली, पुढं इटलीत. तिथं यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे त्या लढाईतच पडले.

26 जुलै 1956ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. आबा म्हणायचे, “ज्यांनी खणला, त्येंचा झाला.” ते समाधान त्यांनी शेवटपर्यंत जपलं. 1967च्या अरब-इस्रायल युद्धानं कालवा आठ वर्षं बंद पडला. ग्रेट बिटर तलावात 14 जहाजं अडकली. तो तलाव आबांनी पाहिला होता. समोरून येणाऱ्या जहाजांना वाट द्यायला त्यांची बोट तिथंच नांगरून थांबली होती.

कालव्याची दुसरी गोष्ट आजोळची, तासगावची. मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की मामींना आणि त्यांना घरातलं दुसरं काही सुचत नाही. जानेवारीपासून माल न्हावा-शेव्याहून थंड कंटेनरमधून युरोपला निघतो, आणि त्याची वाट तीच असायची, सुएझची. नोव्हेंबर 2023पासून तांबड्या समुद्रात येमेनचे हुती बंडखोर जहाजांवर हल्ले करू लागले. मोठ्या कंपन्यांनी जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळवली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. द्राक्षाला एवढा वेळ परवडत नाही: देठ सुकतो, मणी गळतात, आणि तिकडचा खरेदीदार माल बघूनच भाव ठरवतो.

मामांनी नकाशा मागवून घेतला. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाबेल मांदेब कुठं, आफ्रिकेच्या टोकाशी केप कुठं, ते बोटानं शोधलं. मग अर्धी बाग निर्यातीची ठेवली, उरलेली बेदाण्याला लावली. त्या बेदाण्याचा सौदा तासगावातच झाला.