कीबोर्ड, वेलांटी आणि बोटांची सवय

मंडळी, या वीकेंडचा विषय एकदम साधा: कीबोर्ड.

वाकड, पिंपळे सौदागर, हिंजवडी भागात घरून काम करणाऱ्या कुणाच्याही घरी जा, टेबलावर साधारण सारखंच दृश्य असतं. लॅपटॉप स्टँडवर चढवलेला, आणि पुढ्यात एक वेगळा कीबोर्ड. मान सुटते, पण बोटं कुरकुर करायला लागतात. मग शोध सुरू होतो: कीबोर्ड छोटा हवा, चपटा हवा आणि 'फील' मात्र अगदी लॅपटॉपसारखा हवा.

आता गंमत बघा. १९८०च्या दशकात आयबीएमचा जो १०१ कळांचा भलाथोरला कीबोर्ड आला, त्याची कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जायची आणि खाडकन आवाज करायची. त्यावर हात बसलेल्यांना लॅपटॉपचा कीबोर्ड म्हणजे खेळणं वाटायचं. लॅपटॉपची कळ जेमतेम १ ते २ मिलिमीटर दबते. तिच्याखाली कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले प्लॅस्टिकचे दोन दांडे असतात, त्यामुळे कोपऱ्यात दाबली तरी कळ सरळ खाली जाते. ज्यांचं इंजिनिअरिंगच लॅपटॉपवर झालं, त्यांना आता हेच नैसर्गिक वाटतं आणि जुना कीबोर्ड अवजड. थोडक्यात, चांगला फील म्हणजे बहुतांशी आधीच्या यंत्राने बोटांना लावलेली सवय. यंत्र जातं, सवय राहते.

मराठीत याचं उदाहरण फार जवळचं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग टेल्को, बजाज... कारखाना आला की ऑफिस आलं, आणि ऑफिस आलं की टायपिस्ट आला. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला आणि थेट २००९ पर्यंत ही यंत्रं बनत राहिली, शेवटी शेवटी तर आपल्या शिरवळला. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, या दोन आकड्यांवर महाराष्ट्रात हजारो घरं उभी राहिली. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीचं ते तिकीट होतं.

या मराठी टाइपरायटरचा मांडणीक्रम, ज्याला आपण रेमिंग्टन म्हणतो, पूर्णपणे डोळ्यांच्या हिशोबाने चालायचा. कागदावर जे आधी दिसतं ते आधी छापायचं. 'कि' लिहायचा तर पहिली वेलांटी आधी, क नंतर. 'ग' पूर्ण करायचा तर अर्धा ग आणि मग काना. कळा मोजक्या आणि अक्षरं ढीगभर, म्हणून ही तडजोड.

मग संगणक आला. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा मांडणीक्रम प्रमाण ठरवला, आणि १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने तो देशभर नेला. विचार खरंच सुंदर आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, शिफ्ट दाबली की क चा ख, प चा फ. सगळ्या भारतीय लिप्यांना तोच क्रम. इथे बोलतो तसं टाइप करायचं, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी.

आम्हा इंजिनिअर लोकांच्या दृष्टीने प्रश्न सुटला. पण माझी आत्या एका सरकारी कचेरीत वीस वर्षं टंकलेखक होती. तिला नवीन यंत्राची भीती नव्हती, बोटांची होती. वेलांटी आधी मारायची सवय वीस वर्षांची, ती एका प्रशिक्षणात कशी जाणार? चाळिशीत तिचा वेग शिकाऊ मुलीएवढा झाला असता. पुढे संगणकावर रेमिंग्टनचा पर्याय मिळाला आणि ती निवृत्तीपर्यंत त्याच वेगाने काम करत राहिली. आमच्यासाठी सेटिंगमधली एक ओळ, तिच्यासाठी कचेरीतला मान!

म्हणून छोटा कीबोर्ड घेताना 'यातून काय कमी केलंय' हा प्रश्न आधी विचारायचा. उजवीकडचा नंबर पॅड हिशोबाच्या यंत्रांकडून आलाय. ७-८-९ वरच्या ओळीत ठेवणारं संडस्ट्रँड यंत्र १९१४चं. चाकणच्या एखाद्या स्टोअरमध्ये दिवसभर पार्ट नंबर आणि नग भरणाऱ्या माणसाचा नंबर पॅड काढलात तर तो तुम्हाला सोडणार नाही. कोड लिहिणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. १९९६ साली जपानमध्ये निघालेला हॅपी हॅकिंग कीबोर्ड तर ६० कळांवर भागवतो, पण त्यात बाणांच्याही स्वतंत्र कळा नाहीत.

लॅपटॉपचा फील हवा असेल तर तीन गोष्टी बघा. कळांखाली कात्रीची रचना, दोन कळांच्या मध्यांत सुमारे १९ मिलिमीटर अंतर, आणि मनगट वर वळणार नाही इतकी कमी उंची. लेनोव्होचा २०२०चा ट्रॅकपॉइंट कीबोर्ड २ किंवा लॉजिटेकचा २०२१चा एमएक्स कीज मिनी याच जातीचे आहेत.

आणि मराठी टाइप करणाऱ्यांसाठी चौथी गोष्ट. इनस्क्रिप्टमध्ये च अर्धविरामाच्या कळीवर, ट अवतरणचिन्हावर, ड चौकोनी कंसावर आणि ऑ उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर बसतो. फारच छोट्या कीबोर्डमध्ये पहिली कुऱ्हाड अनेकदा याच उजव्या कडेच्या कळांवर पडते. त्या चिंचोळ्या होतात किंवा 'एफएन'च्या मागे लपतात. इंग्रजीवाल्याचं एखादं चिन्ह जातं, आपलं सरळ अक्षर जातं.

तेव्हा दुकानात गेलात तर डेमो पीसला लॅपटॉप जोडा, मराठी इनस्क्रिप्ट चालू करा आणि न बघता 'चिंचवड' टाइप करा. दोन च आणि एक ड, तिन्ही त्याच कडेला. करंगळी अडखळली नाही तर बिनधास्त पैसे द्या.