फळभक्षी वटवाघळे : ओळख (प्रवरा-मुळा खोरे)

फळे, फुले व मकरंद यांवर जगणारी टेरोपोडिडी कुलातील वटवाघळे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा व मुळा या नद्यांच्या काठचे वड, पिंपळ, उंबर, जांभूळ आणि राहात्याकडील पेरूच्या बागा हे त्यांच्या चाऱ्याचे प्रदेश होत.

कुलाची लक्षणे : डोळे मोठे, तोंड कोल्ह्यासारखे, शेपूट आखूड किंवा अजिबात नसते. अंगठ्याबरोबरच दुसऱ्या बोटालाही नखी असते. कानाची कड खाली जुळून पूर्ण वलय होते. कीटकभक्षी वटवाघळांत दुसऱ्या बोटाला नखी नसते.

जाती : महाराष्ट्रात तीन जाती सर्वत्र आढळतात.

(१) टेरोपस मेडियस (जुन्या ग्रंथांत टेरोपस जायगँटियस) : सर्वांत मोठी जात. पंखांचा विस्तार सु. १.२ मी., कोपर ते मनगट लांबी १५ सेंमी.हून अधिक. शेपूट नसते, मानेभोवती पिवळसर तांबूस केस असतात. उंच झाडांवर उघड्यावर थव्याने लटकते.

(२) रूसेटस लेशेनॉल्टी : कोपर ते मनगट सु. ८ सेंमी., दात ३४. लेणी, भुयारे, पडक्या वास्तू व जुन्या विहिरींत राहते. जिभेने टकटक आवाज काढून अंधारात वाट काढते.

(३) सायनोप्टेरस स्फिंक्स : कोपर ते मनगट सु. ७ सेंमी., दात ३०. नाकपुड्या नळीसारख्या पुढे आलेल्या, कानांच्या कडा पांढुरक्या, पंखातील बोटांची हाडे फिकट. ताडाच्या पानांखाली लहान गटाने राहते.

ओळखीची पद्धत : रंग वयानुसार बदलतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या जातीची मापे एकमेकांजवळ येतात. तेथे दातांची संख्या निर्णायक ठरते. पिल्लू मोजून लहान जात समजण्याची चूक टाळण्यासाठी पंख उजेडासमोर धरतात : बोटांच्या सांध्यांत कूर्चेचा पारदर्शक पट्टा दिसला तर प्राणी पूर्ण वाढलेला नाही. नमुन्यासोबत स्थळ, तारीख, लिंग व मापे यांची चिठ्ठी असावीच लागते.

महत्त्व : ही वटवाघळे बिया पसरवतात व फुलांचे परागण करतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या रूसेटस लेशेनॉल्टीच्या नमुन्यांत निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. जातच चुकली तर अशा निष्कर्षांना अर्थ उरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील पाचव्या अनुसूचीत फळभक्षी वटवाघळे उपद्रवी प्राण्यांत गणली जात. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली गेली.

चुकीच्या ओळखीचे बोलके उदाहरण मुंबईत आहे. अँगस हटन यांनी १९४८ मध्ये तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात मिळवलेला नमुना बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात सायनोप्टेरस स्फिंक्स म्हणून नोंदला गेला. १९७२ मध्ये किट्टी थाँगलाँग्या यांनी तो पुन्हा तपासला. प्रत्येक जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी होती, शेपूट नव्हते. त्यांनी लॅटिडेन्स ही नवी प्रजाती स्थापून सालिम अली यांच्या सन्मानार्थ जातीला लॅटिडेन्स सालिमअलीई हे नाव दिले. नमुना २४ वर्षे जपला गेला, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.