राफाएलचा कित्ता

जुन्या मराठी दप्तरात कागदावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा असे आणि त्या शेऱ्यावर लोक विश्वास ठेवत. चित्रकलेत मात्र नक्कल म्हटले की आपण नाक मुरडतो. युरोपातील प्रबोधनकाळातल्या एका व्यक्तिचित्राचा इतिहास वेगळेच सांगतो.

इटलीतील थोर चित्रकार राफाएल याने १५१४-१५ च्या सुमारास आपला मित्र बाल्दास्सारे कास्तिल्योने याचे तैलचित्र रंगवले. कास्तिल्योने हा मुत्सद्दी आणि लेखक. आज हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. काळी टोपी, काळा-करडा पोशाख, पांढरा सदरा आणि निळे, शांत डोळे. बाकी रंगांची उधळण नाहीच.

असे चित्र पुन्हा रंगवायला पांढरा, काळा, पिवळी माती, तपकिरी माती आणि किंचित लाल एवढे रंग जवळजवळ पुरतात. काळ्यात पांढरा मिसळला की करडा होतो, आणि तोच करडा त्वचेच्या उबदार रंगाशेजारी निळसर भासतो. आधी तपकिरी रंगात छाया-प्रकाश बसवायचा, मग त्यावर थर चढवायचे. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. हा क्रम उलटला तर पुढे चित्राला तडे जातात. रंग थोडे असले की चूक भडक रंगाखाली झाकता येत नाही. छटा अचूकच लागते.

हा कित्ता कोणी गिरवला? रुबेन्ससारख्या नामवंताने! तोही चित्रकार आणि मुत्सद्दी. त्याने केलेली प्रत लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. १६३९ मध्ये अॅमस्टरडॅमला मूळ चित्र लिलावात निघाले, तेव्हा रेम्ब्रांटने ते पाहून झटपट रेखाटन केले आणि त्याच कागदावर ३,५०० गिल्डर ही किंमत टिपून ठेवली. रेखाटनात त्याने टोपी थोडी अधिक तिरकी केली. पुढच्याच वर्षी, १६४० मध्ये, त्याने स्वतःचे व्यक्तिचित्र रंगवले. त्याच्या बैठकीत कास्तिल्योनेच्या चित्राची छाप स्पष्ट दिसते, पण चेहरा आणि वृत्ती पूर्णपणे रेम्ब्रांटचीच.

दुसऱ्याचे चित्र आपले म्हणून खपवणे ही चोरी. गुरूचे नाव घेऊन त्याच्या वाटेने चालून पाहणे हा अभ्यास. आपल्या मंडळाच्या चित्रकला स्पर्धेतील मुलांनी चोवीस रंगांची पेटी जरा बाजूला ठेवावी आणि पाच रंगांत एखादे जुने चित्र उतरवून पाहावे. हात त्यानेच घडतो.