आडनावातली हुबळी

१ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या शहराचे नाव इंग्रजी सरकारी कागदोपत्री 'हुबळी'चे 'हुब्बळ्ळी' झाले. त्या दिवसांत आमच्या कचेरीत पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलण्याची एकच धांदल. जुने शिक्के कपाटात गेले. पण एक जुनी हुबळी अशी आहे की कुठल्याच आदेशाने ती बदलायची नाही. ती एका नटीच्या आडनावात आहे. शांता हुबळीकर! योगायोग असा की तेच त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. सिनेमाचे शौकीन म्हणवणारे आम्ही चार मित्र तेव्हा चहा पिताना एकदा त्यावर बोललो आणि विसरलो. ती बाकी आज फेडतो आहोत.

शांताबाईंचा जन्म १४ एप्रिल १९१४ चा, हुबळीजवळच्या अदरगुंची गावचा. मूळ नाव राजम्मा, घरची भाषा कन्नड. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले, आजीने सांभाळले. गळा गोड होता. गंगूबाई हनगल त्यांच्याहून वर्षानेच मोठ्या. गाणाऱ्या मुलीला तेव्हा लोक काय काय बोलत, ते गंगूबाईंनी पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. राजम्माची वाट नाटकातून कोल्हापूरच्या सिनेमाकडे गेली. सुरुवातीला छोटी कामे, मग पुण्याला 'प्रभात'. तिथे १९३८ साली के. नारायण काळे यांच्या 'माझा मुलगा'मध्ये शाहू मोडकांसोबत नायिका. आणि लगेच पुढच्या वर्षी 'माणूस'.

'माणूस' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. शाहू मोडकांचा गणपत हा साधा पोलीस शिपाई. (नायकाचे नाव गणपत, तेव्हा उत्सवाच्या अंकात हा विषय कुणाला परका वाटू नये!) धाडीच्या वेळी त्याला मैना भेटते, ती वेश्या. तो तिला वाचवतो, जीव लावतो, आपल्या देवभोळ्या आईपुढे नेऊन उभी करतो. ही आई सुंदराबाईंनी केली आहे. मैनेला मात्र तो उंबरठा ओलांडण्याची भीती वाटते. पुढे तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो, तर ती नकार देते. 'देवदास'मधल्या रडक्या प्रेमाला उत्तर म्हणून व्ही. शांतारामांनी हा चित्रपट काढला असे सांगतात. आम्हाला तो शेवटी गणपतपेक्षा मैनेचाच वाटतो. हसता हसता तिचा चेहरा क्षणात बंद होतो, ते बघावे.

'कशाला उद्याची बात' हे गाणे त्यातलेच. शब्द अनंत काणेकरांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. येणारे गिऱ्हाईक देशाच्या कानाकोपऱ्यातले, म्हणून मैना निरनिराळ्या भाषांत कडवी गाते. घरात कन्नड बोलणारी मुलगी मराठी चित्रपटात हे गाणे म्हणते आणि सगळा महाराष्ट्र तिला आपली मानतो! सीमेवरच्या वादात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांनी यावर जरा थांबून विचार करावा. हाच चित्रपट 'आदमी' या नावाने हिंदीतही निघाला आणि त्यातही मैना शांताबाईच.

१९३९ हे साल आणखी एका कारणाने आपल्या जुळ्या शहरांचे आहे. त्याच वर्षी धारवाडात जन्मलेल्या लीला चिटणीस बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन'मध्ये अशोककुमारांच्या नायिका झाल्या. गंमत म्हणजे 'माणूस'मध्ये बॉम्बे टॉकीजच्या झाडाखालच्या प्रेमगीतांची चांगलीच टर उडवली आहे. म्हणजे एकीकडे हुबळी, दुसरीकडे धारवाड! लीलाबाई पुढे 'आवारा'सारख्या चित्रपटांत आई झाल्या, पडद्यावर दीर्घकाळ राहिल्या.

शांताबाईंचे तसे झाले नाही. १९४२ मध्ये विश्राम बेडेकरांचा 'पहिला पाळणा' आला. त्याच वर्षी गुब्बी वीरण्णांच्या 'जीवन नाटक' या कन्नड चित्रपटात त्या दिसल्या, म्हणजे आपल्या भाषेत परतल्या. नंतर कामे विरळ झाली, संसारात त्या मागे पडल्या. उतारवयात काही काळ वृद्धाश्रमातही राहिल्या. लीलाबाईंचा शेवटही २००३ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, एका शुश्रूषागृहातच झाला.

शांताबाईंचे गाणेच त्यांना भोवले, उद्याचा विचार केला नाही, असे म्हणणारे भेटतात. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. गाणे मैनेचे होते, शांताबाईंचे नव्हे. शहात्तराव्या वर्षी, १९९० साली, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. नाव 'कशाला उद्याची बात'च. ज्या ओळीने लोक त्यांना ओळखत होते, तीच त्यांनी आपल्या हकिगतीवर मालकीहक्काने लिहिली. १७ जुलै १९९२ रोजी त्या गेल्या.

यंदा उत्सवात एका संध्याकाळी, आरतीनंतर, मंडपात 'माणूस' दाखवावा असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे. कुणाच्या माळ्यावर शांताबाईंची जुनी तबकडी किंवा 'माणूस'ची गाण्यांची पुस्तिका असेल, तर त्या दिवशी जरूर आणावी. ऐकून, पाहून लगेच परत देऊ.