कलबिनची वाळू आणि कलबिनचें अरण्य

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नेर्न आणि फिंडहॉर्न या दोन गांवांच्या दरम्यान, कलबिन नांवाचें पाइन वृक्षांचें एक विस्तीर्ण अरण्य आहे. समुद्राकांठीं तंबू ठोकून किंवा चाकांवरच्या घरांतून मुक्कामास येणारे प्रवासी या अरण्यांतील पायवाटांनीं हिंडावयास जातात. वाटा सारख्या चढतात आणि उतरतात. जेथें त्या एकमेकींस मिळतात तेथें क्रमांकाचे खांब रोवलेले आहेत. पायांखालीं शेवाळ आणि दगडफूल यांचा मऊ थर असतो. परंतु तो जरा बाजूस सारला कीं खालीं वाळू लागते. ज्या टेंकड्यांवरून ही वाट जाते, त्या वस्तुतः वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या राशी होत. आणि त्यांच्या तळाशीं एके काळचीं नांगरलेलीं शेतें आहेत.

सतराव्या शतकांत येथें किनेर्ड घराण्याची जहागीर होती. दंतकथा अशी कीं, १६९४ सालच्या शरदृतूंत जवाची कापणी चालू असतां प्रचंड वादळ झालें. नांगऱ्यानें नांगर तेथेंच टाकून पळ काढला. आणि सकाळीं दारें वाळूनें बुजलेलीं पाहून लोकांना मागची भिंत फोडून बाहेर पडावें लागलें. जहागीरदार रविवारच्या पवित्र दिवशींही पत्ते खेळत बसला, म्हणून त्याच्यावर हा कोप झाला, असेंही सांगत असत.

१६९४ चें वादळ खरें आहे, आणि जहागिरीचा नाशही खरा आहे. अलेक्झांडर किनेर्ड यानें १६९५ मध्यें स्कॉटिश पार्लमेंटकडे सारा माफ करण्याविषयीं अर्ज केला होता. तथापि हा सारा प्रलय एका रात्रींत झाला, हें मात्र खरें नव्हे. सिंक्लेअर रॉस यांनीं १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ही दंतकथा तपासून पाहिली आहे. वाळू कित्येक वर्षें थोडी थोडी पुढें सरकत होती. वादळानें तिच्या कामाची पूर्तता केली, इतकेंच.

ती सरकूं कां लागली, याचें उत्तर त्याच वर्षीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यांत सांपडतें. वाळूच्या टेंकड्यांवरील गवत, ज्युनिपर आणि ब्रूम हीं झुडपें उपटण्यास त्या कायद्यानें मनाई केली. या गवताचें वैशिष्ट्य असें कीं, वाळूनें गाडलें तरी तें मरत नाहीं. उलट वर वर वाढत जातें. त्याचीं पातीं वाऱ्याचा वेग कमी करतात आणि मुळें वाळूस धरून ठेवतात. पण याच गवतानें गरिबांचीं छपरें शाकारलीं जात. एका छपरास लागणाऱ्या गवतानें कोणाचेंही नुकसान होत नसे. मात्र सगळ्या गांवांचीं छपरें वर्षानुवर्षें त्याच टेंकड्यांवर अवलंबून राहिलीं, तेव्हां वाळू उघडी पडली आणि वाऱ्याला वाट मिळाली.

कायदा शहाणपणाचा होता, पण कलबिनच्या दृष्टीनें फार उशिराचा. १६९८ मध्यें जहागीर विकली गेली. त्यानंतर सुमारें दोन शतकें हा प्रदेश ओसाड वाळवंट होऊन राहिला. एकोणिसाव्या शतकांत कडेकडेनें झाडें लावण्यास आरंभ झाला. परंतु खरें काम पहिल्या महायुद्धानंतर झालें. युद्धांत लांकडाची टंचाई भासल्यामुळें १९१९ मध्यें सरकारनें वनांसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन केलें आणि पुढल्या दशकांत या मंडळानें कलबिन हातीं घेतलें. रोप लावावें तर वाळू त्यास गाडी किंवा उघडें पाडी. म्हणून दुसऱ्या रानांतून तोडलेल्या फांद्या आणून त्या वाळूवर अंथरण्यांत आल्या आणि त्यांच्या मधून पाइनचीं रोपें लावण्यांत आलीं. हें काम कित्येक वर्षें चाललें. फांद्या कुजून गेल्या, तोंवर मुळांनीं वाळू धरली होती.

आज अरण्याच्या मधोमध ‘हिल ९९’ नांवाची टेंकडी आहे. तिची उंची ९९ फूट, म्हणून हें नांव. तिच्यावरील लांकडी मनोऱ्यावरून झाडांचे शेंडे आणि पलीकडे मोरे फर्थचें पाणी दिसतें. या वाटांनीं चालणाऱ्यास कोठेंही जुन्या गांवाची खूण आढळत नाहीं. पण वाटेचा प्रत्येक चढउतार त्या जुन्या वाळूचाच आहे. गांवकऱ्यांनीं टेंकड्यांवरचें गवत काढून आपलीं घरें शाकारलीं, आणि पुढें सव्वादोनशें वर्षांनीं मजुरांना वाळूच शाकारावी लागली.