नोकरीतील भेदभाव आकड्यांवरून कसा ओळखतात?

नोकरी नाकारताना ‘तुमच्या वर्णामुळे’ किंवा ‘तुम्ही बाई आहात म्हणून’ असं कारण कोणीही लेखी देत नाही. मग भेदभाव सिद्ध करायचा कसा? अमेरिकेने यासाठी एक मार्ग वापरला: कंपन्यांकडूनच कर्मचाऱ्यांची मोजदाद मागवायची आणि ती तपासायची.

कायदा काय आहे?

1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणानुसार वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करणं बेकायदा ठरलं. अंमलबजावणीसाठी स्थापन झालेल्या ‘समान रोजगार संधी आयोगा’चं काम 1965 मध्ये सुरू झालं.

पुढच्याच वर्षापासून ‘ईईओ-1’ हा अहवाल सुरू झाला. 100 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना तो भरावा लागतो. कोणत्या प्रकारच्या कामावर किती स्त्रिया, किती पुरुष आणि ते कोणत्या वंशगटाचे, याचा तो तक्ता असतो. एखाद्या कंपनीचा अहवाल आयोगाला परस्पर जाहीर करता येत नाही.

आकडे काय सांगतात?

टी.आय.एम.ई.-डी.सी. या मालवाहतूक कंपनीविरुद्ध केंद्र सरकारने खटला भरला होता. 1971 मध्ये कंपनीत 6,472 कर्मचारी होते. त्यांपैकी 314 कृष्णवर्णीय आणि 257 स्पॅनिश आडनावांचे. म्हणजे कंपनी त्यांना कामावर घेतच नव्हती, असं नाही.

पण जास्त पगाराच्या लांब पल्ल्याच्या 1,828 चालकांमध्ये कृष्णवर्णीय होते फक्त 8 आणि स्पॅनिश आडनावांचे 5. बहुतेकांच्या वाट्याला शहरातल्या फेऱ्या आणि गाड्यांच्या देखभालीची कमी पगाराची कामं आली होती. एकूण संख्येत न दिसणारी गोष्ट कामाच्या प्रकारानुसार मोजल्यावर दिसली. शिवाय 40 हून अधिक प्रसंगांची साक्ष सरकारने दिली. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेदभाव सिद्ध झाल्याचं मान्य केलं.

तुलना कोणाशी करायची?

खरा वाद इथेच होतो. मिझुरी राज्यात सेंट लुईस शहरालगतच्या हेझलवुड शाळा-जिल्ह्यात 1973-74 मध्ये 1.8 टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. शहर धरून आसपासच्या परिसरातील शिक्षकांमध्ये हे प्रमाण 15.4 टक्के होतं, तर शहर वगळल्यास 5.7 टक्के. शाळा-जिल्ह्याचा आकडा तोच, पण तुलना बदलली की फरक कुठल्या कुठे जातो.

त्यामुळे 1977 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. त्या कामाची पात्रता असलेले लोक आसपास किती आहेत, हे आधी ठरवायला हवं. नुसती लोकसंख्येशी तुलना पुरत नाही.

‘चार-पंचमांश’ नियम

1978 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये एक सोपा हिशेब आहे. समजा, 100 पुरुषांनी अर्ज केले आणि 50 निवडले गेले. 100 स्त्रियांपैकी 30 निवडल्या गेल्या. 30 ला 50 ने भागलं की 60 टक्के येतात. हे प्रमाण 80 टक्क्यांच्या खाली गेलं की निवडपद्धत तपासायला हवी, असा इशारा समजतात. तो इशारा असतो, निकाल नाही.

नियम सर्वांना सारखा, पण फटका एकाच गटाला आणि त्या नियमाचा कामाशी संबंध नाही, अशा प्रकरणांत हा हिशेब कामी येतो. अशी पद्धत बेकायदा ठरू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये मांडलं आणि 1991 मध्ये ते कायद्यातही आलं. एप्रिल 2025 मध्ये मात्र राष्ट्राध्यक्षांनी अशा प्रकरणांना कमी प्राधान्य देण्याचा आदेश सरकारी यंत्रणांना दिला.

तक्त्यात काय दिसत नाही?

ईईओ-1 मध्ये अर्ज करून नाकारल्या गेलेल्यांची नोंद नसते. जातीचा रकानाही नसतो. अमेरिकेत काम करणारे मराठी, तमिळ, चिनी किंवा कोरियन कर्मचारी सहसा ‘आशियाई’ या एकाच रकान्यात मोजले जातात. त्यामुळे भारतीयांमध्येच जातीवरून भेदभाव झाला, तर हा तक्ता तो दाखवू शकत नाही. तिथे तक्रार, साक्षीदार आणि कागदपत्रं यांवरच भिस्त ठेवावी लागते.

थोडक्यात, आकड्यांमुळे कुठे शोधायचं ते कळतं. पण जे मोजलंच जात नाही, तिथे शोध कोणीतरी तक्रार केल्यावरच सुरू होतो.